ब्रेकचा लिव्हर मऊ, खोल किंवा कडक लागतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात माझं दुचाकींचं छोटं गॅरेज आहे. कासचा फुलांचा हंगाम आला की ब्रेकचे फोन वाढतात: उतारावर लिव्हर मऊ झाला, दोनदा दाबल्यावरच ब्रेक लागतो, सर्व्हिसिंग करून आणली तरी तेच. लिव्हर बिघडला की लोक थेट पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) बदलतात, नाहीतर एअर, म्हणजे ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा, काढायला सांगतात. बऱ्याचदा दोन्हींची गरज नसते आणि खरा बिघाड तसाच राहतो. लिव्हर हाताला कसा लागतो यावरून बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा एकही बोल्ट न खोलता कळतं. म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

१. माझा लिव्हर ठीक आहे की बिघडलाय, हे ओळखायचं कसं? तुलना करायला दुसरी गाडी नाही.

गाडी उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि पुढच्या डिस्कचा लिव्हर नेहमीच्या जोराने दाबा. आधी थोडी मोकळीक लागते, मग पॅड डिस्कला टेकल्याचं बोटांना कळतं आणि तिथून पुढे लिव्हर घट्ट होतो. घट्ट झाल्यावर लिव्हर आणि हँडलची मूठ यांत निदान दोन बोटं मावतील इतकं अंतर राहायला हवं.

आता तीन चाचण्या करा. पहिली: दोन-तीन मिनिटं हात न लावता गाडी ठेवा आणि मग एकदाच दाबा. दाबताना रबरी चेंडू दाबल्यासारखं वाटलं तर प्रश्न २ वाचा. दुसरी: पटापट चार-पाच वेळा दाबा. लिव्हर प्रत्येक वेळी आधी आणि घट्ट लागायला लागला तर प्रश्न २ आणि ३ वाचा. तिसरी: जोरात दाबून धरा आणि मनात तीस आकडे मोजा. लिव्हर कणाकणाने आत सरकत गेला तर प्रश्न ४ वाचा, आणि तोवर गाडी चालवू नका.

लिव्हर मस्त घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, ही तक्रार पूर्ण वेगळी आहे. ती प्रश्न ९ मध्ये आहे. पुढे ड्रम ब्रेक असेल तर थेट प्रश्न १२ कडे जा.

२. लिव्हर स्पंजसारखा मऊ लागतो. एअर आहे म्हणतात, पण बंद पाईपमध्ये हवा शिरते कुठून?

ब्रेक ऑइल दाबलं तरी आक्रसत नाही, हवा आक्रसते. पाईपमध्ये बुडबुडा असला की तुमच्या बोटांचा जोर आधी तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि उरलेला पॅडपर्यंत पोचतो. म्हणून मऊ लागतं.

हवा शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत. लिव्हरजवळच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतलं ऑइल तळाला गेलं आणि कुणी लिव्हर दाबत राहिलं. पाईप किंवा कॅलिपर (डिस्कवर बसलेला, पॅड दाबणारा भाग) खोलून परत बसवताना बँजो बोल्टचे, म्हणजे पाईपचं टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, जुनेच वॉशर वापरले. पॅड बदलताना कुणीतरी निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा पोकळ स्क्रू) सैल केलं आणि लिव्हर सोडायच्या आधी ते बंद केलं नाही. किंवा मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा, टाकीला जोडलेला भाग) जुन्या रबरातून लिव्हर परत येताना थोडी थोडी हवा आत ओढली जातेय. शेवटच्या प्रकारात एअर काढली की आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. महिन्यात दोनदा एअर काढावी लागली असेल तर तिसऱ्यांदा काढू नका, रबरं आणि वॉशर तपासा.

हवेशिवाय दुसरं कारण म्हणजे फुगणारा रबरी पाईप. एकाला लिव्हर दाबायला सांगा आणि पाईपवर बोटं ठेवा. फुगताना हाताला जाणवला, किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या, तर पाईप बदलायचा. बऱ्याच कंपन्या दर चार वर्षांनी पाईप बदलायला सांगतात, प्रत्यक्षात आमच्याकडे दहा-दहा वर्षं जुने पाईप येतात.

३. पहिल्यांदा दाबला की खोल जातो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की पक्का लागतो. एअर काढून झाली तरी तसंच.

आधी एक गोष्ट बघा: हे उभ्या गाडीवरही होतं की फक्त खराब रस्त्यावरून चालवल्यानंतर? उभ्या गाडीवरही होत असेल तर अजून हवा आहे. फक्त चालवल्यावर होत असेल, तर हवेचा काही संबंध नाही.

कॅलिपरमधला पिस्टन एका चौकोनी कापाच्या रबरी रिंगमध्ये बसलेला असतो. ब्रेक दाबला की ही रिंग थोडी पिळली जाते आणि सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. इतकीच मोकळीक पुरते. पण डिस्क वाकडी असेल किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल, तर डिस्क डावी-उजवीकडे हलत पॅडना धक्के मारते आणि पिस्टन हवं त्यापेक्षा जास्त मागे जातो. मग पहिल्या दाबात ते अंतर भरून निघतं आणि दुसऱ्या दाबात ब्रेक लागतो.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा. 'टक-टक' लागलं तर बेअरिंग गेलं. मग चाक हळू फिरवा आणि कॅलिपर व डिस्क यांच्या फटीकडे एका जागी नजर लावून बघा. फट लहान-मोठी होत असेल तर डिस्क वाकडी आहे. वाकडेपणाची मर्यादा मिलिमीटरच्या दशांशात असते, तेव्हा डोळ्याला सहज दिसली म्हणजे ती नक्की मर्यादेपलीकडे गेलेली आहे. डिस्क ठोकून सरळ करून देणारे भेटतात. मी ते काम करत नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका.

४. सिग्नलला दाबून धरला की लिव्हर हळूहळू आत जात हँडलला टेकतो.

दाब कुठेतरी निसटतोय. आधी बाहेर शोधा: कॅलिपरच्या आतल्या बाजूला, बँजो बोल्टच्या भोवती, आणि लिव्हर जिथे मास्टर सिलिंडरला टेकतो तिथलं छोटं रबर मागे सारून. कुठेही ओल दिसली तर गळती तिथेच. डिस्कवर ऑइल पडलं असेल तर प्रश्न ९ सुद्धा वाचा.

बाहेर सगळं कोरडं असेल आणि टाकीची पातळीही तशीच असेल, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतच पिस्टनच्या रबराला वळसा घालून मागे टाकीत जातंय. यावर किट बदलायचं, म्हणजे पिस्टन, रबरं आणि स्प्रिंग एकत्र. आतल्या नळीला गंजाचे खड्डे पडले असतील तर किट टाकूनही टिकत नाही, पूर्ण मास्टर सिलिंडर बदलावा लागतो. या बिघाडात गाडी जवळच्या गॅरेजपर्यंतसुद्धा ढकलत न्या. आज हळूहळू आत जाणारा लिव्हर उद्या एकदम जाऊ शकतो.

५. घरी एअर काढता येते का? नेमकी कशी?

येते. घाई मात्र नको.

गाडी अशी उभी करा की ब्रेक ऑइलची टाकी सपाट राहील. साइड स्टँडवर असेल तर हँडल वळवून टाकी सरळ करा. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं पसरा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडलाच तर पुसू नका, भरपूर पाणी ओता. टाकीचं झाकण खोलायच्या आधी भोवतीची धूळ पुसून घ्या. झाकणाच्या दोन स्क्रूंची डोकी मऊ धातूची असतात, म्हणून स्क्रू ड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या आणि दाबून धरूनच फिरवा.

आधी निपलला हात न लावता लिव्हर अगदी थोडा, सुरुवातीचे चार-पाच मिलिमीटर, टिचक्या मारल्यासारखा हलवत राहा. टाकीच्या तळाशी दोन छिद्रं दिसतात, त्यांतल्या बारक्या छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. मास्टर सिलिंडरमधली हवा अशीच निघते. पुष्कळ लोक हे करतच नाहीत आणि मग कॅलिपरवर बाटलीभर ऑइल वाया घालवतात.

मग कॅलिपरच्या निपलवर आधी रिंग पाना चढवा (बहुतेक गाड्यांना ८ नंबर लागतो), त्यावर पारदर्शक नळी घाला आणि नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, लिव्हर खाली जाईल, तो तसाच धरून निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. निपल उघडं असताना लिव्हर सुटला तर जितकी हवा काढली तितकी परत आत जाते. दर पाच-सहा वेळांनंतर टाकीत नवं ऑइल घाला. नळीतून बुडबुडे यायचे थांबले की पान्याच्या मुठीने कॅलिपरवर हलके ठोके मारून पुन्हा चार-पाच वेळा काढा. अडकलेला एखादा बुडबुडा हमखास निघतो.

निपल आवळताना मनगटाचा जोर पुरे. ते पोकळ असतं आणि मोडलं तर कॅलिपर काढून खरा खर्च सुरू होतो. २५० मिलीची बाटली पुढच्या एका डिस्कसाठी पुरून उरते. उरलेलं ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. उघडलेली बाटली हवेतली ओल शोषत राहते.

गाडी दहा-बारा वर्षं जुनी असेल तर हे सुरू करायच्या आधी प्रश्न १० वाचाच.

६. लिव्हर रात्रभर बांधून ठेवला की मऊपणा जातो म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. एअर काढून झाल्यावर जो थोडासा मऊपणा उरतो, त्यावर हा उपाय चालतो. बारीक बुडबुडे दाबाखाली आणखी लहान होतात, पाईपच्या भिंतीपासून सुटतात आणि रात्रभरात वर सरकून मास्टर सिलिंडरपाशी गोळा होतात. सकाळी लिव्हर सोडला आणि प्रश्न ५ मधल्या टिचक्या मारल्या की ते टाकीत निघून जातात. जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा आणि चावी बंद ठेवा, नाहीतर ब्रेक लाइट रात्रभर जळत राहून बॅटरी उतरेल. लिव्हर प्रश्न ४ प्रमाणे आत सरकत असेल तर बांधून काहीही होणार नाही.

७. घाट उतरताना लिव्हर एकदम मऊ झाला. खाली अर्धा तास थांबलो तर पुन्हा व्यवस्थित. गॅरेजवाले म्हणतात काही दोष नाही.

दोष आहे, तो गार झाल्यावर दिसत नाही इतकंच. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं.

ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं, पाईपच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातूनही. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक घासत राहिलं की कॅलिपरजवळचं ऑइल तिथवर तापतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. गार झाल्यावर वाफेचं परत ऑइल होतं आणि सगळं ठीक दिसतं.

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत झालंय. कासहून परत येताना यवतेश्वरचा घाट उतरत होतो, मागे माझा भाचा बसलेला. मागच्या ब्रेकच्या पेडलवर पाय नुसता ठेवलाय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात पूर्ण उतारभर पॅड घासत होते. अर्ध्या वाटेवर पेडल विनाविरोध खाली गेलं. पुढचा ब्रेक आणि दुसरा गिअर यांवर गाडी कडेला घेतली. डिस्कवर निळसर झाक आली होती आणि जवळ हात नेला तरी चटका लागत होता. पावसाचे चार थेंब डिस्कवर पडून चुर्र झाले, तो आवाज अजून लक्षात आहे. त्या गाडीचं ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या गाड्यांना दर दोन वर्षांनी बदलायला सांगणाऱ्या माझ्याकडून ते राहिलं होतं.

पसरणी असो, खंबाटकी असो, उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सलग घासू नका. थोडा जोर लावून वेग कमी करा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या, पुन्हा दाबा. लिव्हर मऊ व्हायला लागलाच तर पटापट पंप करा, एकेक गिअर खाली आणा आणि थांबा. त्यानंतर ऑइल पूर्ण बदलल्याशिवाय पुन्हा घाटात जाऊ नका. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी दोन वर्षांचीही वाट बघू नये.

लिव्हर घट्टच राहिला पण ब्रेक लागेनासा झाला, तर ऑइल ठीक आहे आणि पॅड तापलेत. तेव्हाही उपाय तोच, थांबून गार करणं.

८. डॉट ३, डॉट ४, डॉट ५, डॉट ५.१ यांतलं कोणतं घालू?

टाकीच्या झाकणावर जे छापलंय ते. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना डॉट ४ असतं. ३, ४ आणि ५.१ एकाच जातीची आहेत, त्यामुळे डॉट ४ च्या जागी ५.१ चालतं, डॉट ३ घालू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते यांच्यात कधीही मिसळू नका आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत अजिबात नको. आकडा वाचताना ५ आणि ५.१ मध्ये गफलत होते, बाटली दोनदा बघा.

इंजिन ऑइल, शॉक ऑइल किंवा पेट्रोल यांचा थेंबही टाकीत जाऊ देऊ नका. आतली रबरं फुगतात आणि सगळी बदलावी लागतात.

९. लिव्हर दगडासारखा घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही.

इथे दाब पोचतोय, पकड नाही. आधी डिस्क बघा. पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गळत असेल तर ऑइल ओघळत कॅलिपरवर येतं. मागे चेनला मारलेला स्प्रे उडून डिस्कवर बसतो. धुलाई सेंटरवर चकाकी यावी म्हणून चाकाला पॉलिश मारतात, त्यानेही हेच होतं. डिस्क साफ करता येते, ऑइल प्यालेले पॅड साफ होत नाहीत. सँडपेपरने घासून, तव्यावर तापवून वापरणारे आहेत. दोन दिवस बरं वाटतं आणि तापल्यावर आतलं ऑइल परत वर येतं. पॅड बदला.

ऑइल नसेल आणि पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल, तर ते करपले आहेत. तेही बदला. पॅड चांगले असतील तर कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून कॅलिपर सरकायचा थांबलाय का ते बघा. अशा वेळी एक पॅड झिजलेला आणि दुसरा जवळजवळ नवा दिसतो. पिना साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, बेअरिंगचं ग्रीस नको.

भर पावसात पहिला ब्रेक क्षणभर उशिरा लागणं हा बिघाड नाही. डिस्कवरचं पाणी निघायला तेवढा वेळ लागतो.

१०. लिव्हर थोडासाच मऊ होता म्हणून एअर काढली. आता तर पूर्णच गेला. असं कसं झालं?

जुन्या गाड्यांत हे होतं आणि लोक बिचारे स्वतःला दोष देतात. मास्टर सिलिंडरचा पिस्टन वर्षानुवर्षं नळीच्या सुरुवातीच्या थोड्याच भागात हलत असतो. पुढच्या भागात गाळ आणि गंज साचतो. एअर काढताना निपल उघडं असतं, लिव्हर पार मुठीला टेकतो, आणि पिस्टनचं रबर पहिल्यांदाच त्या खरखरीत भागावर घासून फाटतं. मग प्रश्न ४ ची लक्षणं दिसायला लागतात.

आता किट टाकावंच लागेल. पुढच्या वेळी लिव्हर आणि मूठ यांच्यामध्ये लाकडाचा बोटभर जाड तुकडा बांधा, म्हणजे लिव्हर नेहमीपेक्षा खोल जाणारच नाही. वेळ जास्त लागतो, रबर वाचतं.

११. ब्रेक सोडल्यावरही चाक अडकून राहतं, लिव्हरची मोकळीकच गेली आहे.

चाक अडकलेलं असतानाच निपलला नळी लावून ते पाव फेरा उघडा. ऑइलची पिचकारी येऊन चाक सुटलं, तर दाब वर अडकतोय: टाकीतलं बारकं छिद्र गाळाने बुजलंय, रबर फुगलंय, पाईप आतून सुजलाय, किंवा लिव्हर पूर्ण परत येत नाहीये. बाजारातले रंगीत लिव्हर बसवल्यावर हे हमखास दिसतं. त्यांचं टोक पिस्टनला सतत थोडं दाबून ठेवतं आणि छिद्र उघडतच नाही. मूळ लिव्हर लावून बघा. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन किंवा पिना जाम आहेत, कॅलिपर उतरवून साफ करायचा. निपल उघडल्यावर थोडी हवा शिरते, म्हणून शेवटी प्रश्न ५.

१२. माझ्या गाडीला पुढे ड्रम ब्रेक आहे. यातलं काय लागू होतं?

जवळजवळ काहीच नाही, इथे ऑइल नसतं. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मि.मी. मोकळीक ठेवून केबल ॲडजस्ट करा. मऊ लागत असेल तर केबलच्या तारा तुटायला लागल्यात का ते लिव्हरच्या टोकाशी बघा. एक तार जरी सुटलेली दिसली तर केबल बदला. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरची दांडी आणि केबल यांत काटकोनापेक्षा मोठा कोन व्हायला लागला, किंवा दांडीवरचा बाण झिजेच्या खुणेपर्यंत पोचला, तर लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) संपले. नट आवळत राहून उपयोग नाही.

१३. नवे पॅड टाकून गॅरेजमधून निघालो आणि पहिल्याच वळणावर लिव्हर मुठीला टेकला!

पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलतात. त्यानंतर गाडी हलवायच्या आधी लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करायचाच असतो, आणि ते राहिलं. गाडी हातात घेताना, कुणीही कितीही सांगितलं तरी, दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवे पॅड बसायला लागतात, तोवर पकड थोडी कमी राहील.

पॅड झिजत जातात तशी टाकीची पातळी खाली जाते. ती मधे कुणी वरपर्यंत भरली असेल, तर पिस्टन मागे ढकलताना ऑइल झाकणातून बाहेर येतं. पातळी खाली गेली की आधी पॅड बघा, मग बाटली.

१४. एबीएसची गाडी आहे. जोरात दाबल्यावर लिव्हर थरथरतो. आणि ऑइल बदलल्यापासून लिव्हर खोल जातो.

थरथर म्हणजे एबीएस काम करतंय. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न आता रोज येतो. सावकाश ब्रेक लावतानाही एका लयीत थरथर जाणवली तर मात्र डिस्क वाकडी आहे, प्रश्न ३.

ऑइल बदलताना टाकी कोरडी पडली असेल तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरते आणि हाताने पंप करून सगळी निघत नाही. सर्व्हिस सेंटरवर स्कॅनर जोडून आतला पंप फिरवतात आणि मग एअर काढतात. तेच करून घ्या.

१५. मागच्या ब्रेकची एअर निघतच नाही. सगळं केलं, नवं किटही टाकलं.

कॅलिपरकडे नीट बघा. निपल सर्वांत वरच्या जागी आहे का? हवा वर चढते. निपल खाली किंवा आडवं असेल तर हवा त्याच्या वरच्या कोपऱ्यात बसून राहते आणि खालून नुसतं ऑइल निघत राहतं. दुसऱ्या मॉडेलचा किंवा दुसऱ्या बाजूचा कॅलिपर बसवला की असं होतं. काही गाड्यांत कॅलिपर मुळातच तिरका असतो. पाईप न सोडवता कॅलिपर ब्रॅकेटवरून उतरवा, दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला म्हणजे पिस्टन बाहेर उडणार नाही, निपल आकाशाकडे करून धरा आणि प्रश्न ५ प्रमाणे एअर काढा. पाईप कुठे उंचवट्यासारखा वळला असेल तर तोही हाताने सरळ धरा. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दाबांतच नळीत वाटाण्याएवढा बुडबुडा येतो आणि पेडल घट्ट होतं.